वाल्टरची हजेरी

आमच्या शेजारचे आग्नेलभावजी दर शनिवारी दुपारी तीन वाजता ओट्यावर एक रिकामी खुर्ची मांडायचे. खुर्चीकडे बघून विचारायचे, "वाल्टर?" जरा थांबायचे, मान हलवायचे आणि वहीत काहीतरी लिहायचे. वाल्टर म्हणजे शंभर वर्षांपूर्वी विलायतेत फुटबॉल खेळून पगार घेणारा माणूस. त्याचं कांजूरगावात काय काम, असं मीही विचारलं होतं.

"वहिनी, त्याच्यापुढे मयत लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "नाव कापलं नाही, म्हणजे माणूस आहे."

भावजी विक्रोळीच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. सगळा जन्म कामगारांच्या हजेरीचं मस्टर भरण्यात गेला. लग्न का केलं नाही विचारलं, तर म्हणायचे, "रजा मंजूर झाली नाही."

वाल्टर त्यांना रद्दीच्या दुकानात सापडला. खेळाडूंची माहिती असलेलं फाटकं इंग्रजी पुस्तक, त्यात त्याचं एक पान. ते पान ऐकून ऐकून मला पाठ झालं. वाल्टर पोरवयात खाणीत कोळसा भरायचा. डावखुऱ्या पायाचा. एका क्लबाच्या माणसाने त्याला खाणीतून उचलला आणि मैदानाच्या डाव्या कडेने पळायला लावला.

"चार वर्षं पर्मनंट!" भावजी म्हणायचे. क्लब म्हणजे त्यांच्या लेखी कंपनीच. तिथेही दर मे महिन्यात यादी लागायची, कोणाला ठेवला, कोणाला काढला. वाल्टरला दुसऱ्या क्लबाने विकत घेतला.

"विकत? माणूस आहे की म्हैस?" मी म्हणाले.

"म्हशीचे दात तरी बघतात, वहिनी. याचा गुडघा कोणी बघितला नाही."

तो गुडघा चिखलातल्या एका मॅचमध्ये गेला. मग लढाई आली. परत आल्यावर वाल्टर गुडघ्याला पट्टी बांधून एका लहानशा क्लबात थोडं खेळला. मे महिन्यात यादी लागली, त्यात त्याचं नाव नव्हतं. पुढे नोंद नाही. पुस्तकात एवढंच.

"मेला असेल हो. आज एकशेतीस वर्षांचा झाला असता."

"नोंद दाखवा," भावजी म्हणायचे.

इथवर मी हसत होते. पण शनिवारी हजेरी झाली की आमच्या दोन घरांमधल्या बोळात आवाज यायचा. धप्प. जरा वेळ जायचा. पुन्हा धप्प. कोणी मसाला कांडतंय म्हणून मी बघायला गेले. बोळ असा, की मांजरालाही अंग चोरून जावं लागतं. आत कोणी नव्हतं. भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला चेंडूएवढा एक गोल ओला डाग होता, भर मे महिन्यात. हात लावला तर बोटांना कोळशाची भुकटी लागली. मी हात धुतले आणि भाकऱ्या थापायला बसले. कामं पडली होती.

माझा नवरा सदाशिवही त्याच कारखान्यात. एका सकाळी डबा घेऊन गेला तो परत आला नाही. पोलीस झाले, नवस झाले. ठरावीक दिवस गैरहजर म्हणून कंपनीने त्याचं नाव कापलं. मस्टरवर लाल रेघ मारणारा हात भावजींचा. मी त्यांना कधी बोल लावला नाही, त्यांनीही विषय काढला नाही. आम्ही वाल्टरबद्दल बोलायचो.

गेल्या महिन्यात भावजींना धाप लागली. शुक्रवारी त्यांना हॉस्पिटलात ठेवलं. मी गेले, तर नाकातोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाले, "वहिनी, उद्या शनिवार. वही कपाटात आहे. खाडा होऊ देऊ नका."

"आधी स्वतःचं बघा."

"खाडे झाले की नाव कापतात."

"आता कोण कापायला बसलंय?"

त्यांनी मास्क पुन्हा नाकावर ओढला.

शनिवारी तीनला मी खुर्ची मांडली. समोरची लिली ओरडली, "मावशी, कोणाला बसवताय?"

"पाहुणा आहे," म्हटलं आणि वही उघडली. मला वाटलं, इंग्रजीत असेल. माझं शिक्षण चौथी. पण सगळं मराठीत होतं, मोठ्या गोल अक्षरात. पहिल्या ओळीत वाल्टर. दर शनिवारी ह, म्हणजे हजर. दुसऱ्या ओळीत सदाशिव राणे. दर शनिवारी र. रजा.

कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या. पिवळ्या पडलेल्या, कसर लागलेल्या. सदा गेला त्या आठवड्यापर्यंत मागे गेले. वाल्टर बऱ्याच वह्यांनंतर आलेला. त्याआधी एकटा सदा. गैरहजर एकदाही नाही.

मी त्या खुर्चीत बसले. बोळातून आवाज आला. धप्प.

"थांब रे मेल्या, लिहितेय," मी म्हणाले.

वाल्टरपुढे ह लिहिला. सदापुढे हात अडला. माझ्या मते तो गैरहजर, आणि वर पळपुटा. पण वही माझी नव्हती. र लिहिला. खाली तिसरी ओळ आखली, आग्नेलभावजींचं नाव घातलं आणि त्यांनाही रजा दिली.

पाच वाजता हॉस्पिटलातून फोन आला.

लाल पेन कपाटातच होतं. ते मी कचऱ्यात टाकलं.

आता शनिवारी ओट्यावर दोन रिकाम्या खुर्च्या असतात. बोळातला आवाजही बदललाय. मध्ये थांबत नाही. एक धप्प आमच्या भिंतीवर, लगेच दुसरा त्यांच्या भिंतीवर. भावजींपुढे मी ह लिहिते. सदापुढे अजून र. तो रुजू झाला, की आधी विचारणार आहे, डबा कुठाय.