स्पीकरकडे पाठ, शिरसाठकाकांकडे तोंड

आमच्याकडे नाटक ऐकायला बसायचं तर स्पीकरकडे पाठ करावी लागते आणि तोंड शिरसाठकाकांकडे. मान जरा वळली की काकांच्या हातातली स्टीलची पट्टी गुडघ्यावर येते. "स्पीकरच्या जाळीत काय सिनेमा लागलाय का? इकडं बघ."

नाटक म्हणजे नुसतं ऐकायचं नाटक. 'तिसऱ्या चंद्रावरची चौकी' नावाची मराठी विज्ञानकथा आहे, तिचे भाग सीडीवर येतात. पडदा नाही, चित्र नाही. कुठल्याशा ग्रहाचा तिसरा चंद्र, त्यावर एक चौकी, चौकीत कप्तान रेणू आणि तिचा यंत्रमानव चव्वेचाळीस. बाहेर हवा अजिबात नाही. एवढ्या सामानावर त्या मालिकेने नाशिकमधली अकरा शहाणी माणसं वेडी करून दाखवली. बारावे शिरसाठकाका, त्यांच्या बाबतीत मालिकेला फारसे कष्ट पडले नाहीत.

काका सातपूरच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं माल तपासायला होते. प्रेस शॉपमध्ये जिथे शेजारच्याने कानात बोंब मारली तरी ऐकू येत नाही, तिथे हे नुसत्या कानाने सांगायचे की चौथ्या मशीनचं बेअरिंग उद्या जाणार. एकदा म्हणे गेटमधून आत येणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकून ते म्हणाले, "मागून तिसरं खोकं उतरवू नका, आतला माल तडकलाय." खोकं उघडलं तर सगळा माल तडकलेला. मी तिथे नव्हतो. पण ही गोष्ट मी इतक्या लोकांना सांगितली आहे की आता मला त्या ट्रकचा नंबरही आठवतो.

म्हणूनच आमची रविवारची बैठक काकांकडे भरते. पहिल्याच दिवशी काकांनी नियम केला होता, "ज्याचा कान चांगला, त्याच्या घरी बैठक." त्या दिवशी निवडणूक घ्यायची गरजच पडली नाही. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. माझा कान असा की आमच्या घरातली बेल आणि मिक्सर यांतला फरक मला बायको सांगते.

दर रविवारी सकाळी दहा वाजता त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही अकरा जण घुसतो. भिंतीवर बाबासाहेब, त्याखाली काकूंचा फोटो. काकूंना जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी नांदेडला सासरी. परातभर पोहे तयार असतात. सीडी संपली की एकेकाने हात वर करायचा, काकांच्या पुढ्यात येऊन उभं राहायचं आणि अंगावर काटा कुठे आला ते सांगायचं. नुसतं 'भारी होतं' असं म्हटलं की काका परत पाठवतात. "भारी म्हणजे किती? पाऊण काटा का पूर्ण काटा? करून दाखव." मग आमचे विंचूरचे बोरस्ते, वय अठ्ठावन्न, कांद्याचे व्यापारी, हवा संपलेल्या अंतराळवीरासारखे सतरंजीवर तडफडून दाखवतात. काका ते सगळं वहीत टिपतात आणि शेवटी शाईच्या पॅडवर शिक्का दाबून निकाल देतात: 'पास', 'पुन्हा करा' किंवा 'भंगार'. त्या शिक्क्यापुढे अपील नाही.

गेल्या आठवड्यात मालिकेचा नवा बॉक्स सेट आला. चार सीडी, चंद्राचा नकाशा, कप्तान रेणूची रोजनिशी. काकांनी डब्याची चारही बाजूंनी मापं घेतली, झाकण तीनदा उघडून मिटलं, वास घेतला आणि म्हणाले, "डबा पास. आतलं रविवारी." तोवर सीडीला कुणी हात लावायचा नाही. पण पुण्यातल्या कुणीतरी सेट ऐकून टाकला होता आणि आमच्या ग्रुपवर बातमी फुटली की या वेळी रेणू मरते. झालं. बोरस्त्यांनी दोन दिवस लिलावात लक्ष दिलं नाही. सरकारी दवाखान्यात नर्स असलेल्या प्राजक्ताने लिहिलं, "ती मेली तर मी ऐकणंच सोडणार." आणि कॉलेज रोडच्या निखिलने मधेच पिल्लू सोडून दिलं, "नव्या सेटचा आवाज फार बारीक काम केलेला आहे म्हणे. माझ्याकडे नवे स्पीकर आलेत, चारी बाजूंनी ऐकू येतं. या वेळी सगळे माझ्याकडेच या ना."

काकांनी उत्तर टाकलं, "चारी बाजूंनी आवाज आला तर पाठ कुणाकडं करायची?"

सगळे हसले. मीही हसलो.

गुरुवारी संध्याकाळी काकांनी पोहे दिलेला रिकामा डबा परत द्यायला मी वर गेलो. जिन्यातच रेणूचा आवाज आला. जुनी सीडी लावलेली होती आणि ती अडकली होती. "चव्वे... चव्वे... चव्वे..." रेणू तिच्या यंत्रमानवाला हाक मारत होती आणि ते नाव काही पुरं होत नव्हतं. दार उघडं होतं. काका खुर्चीत डोळे मिटून बसले होते. ओठांच्या कोपऱ्यात हसू. मधूनमधून मान अशी डोलत होती की जणू रेणू मोठं भाषण करते आहे आणि त्यांना ते पटतं आहे.

मी थापा मारतो हे कबूल. पण त्या दारात मी दोन मिनिटं उभा होतो, यात एक सेकंदही वाढवलेला नाही.

मग मी त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले. सीडी प्लेअरकडे पाहिलंच नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"अडकलीय?"

मी मान हलवली.

"कधीपासून? उजेडात ये, मग बोल."

मी दिव्याखाली गेलो. "जिन्यात होतो तेव्हापासून."

काकांनी हात लांब करून प्लेअर बंद केला. डावा कान कारखान्यातच गेला होता, म्हणाले. उजवा गेल्या दीड वर्षात गेला. "मशीन घेतलं होतं कानाचं. ते लावलं की पंखा मालगाडीसारखा ऐकू येतो आणि माणसं पंख्यासारखी. ठेवून दिलं कपाटात."

पाठ कुणाकडे आणि तोंड कुणाकडे, हात वर करून पुढ्यात येणं, पूर्ण काटा करून दाखवणं, हा सगळा कारभार एका झटक्यात माझ्या डोक्यात उलगडला. मला ते विक्षिप्तपणाचं वाटत होतं. हा माणूस दीड वर्ष आमच्या तोंडांवरून नाटक ऐकत होता.

"निखिलला कळलं की बैठक कॉलेज रोडला जाईल," काका म्हणाले. "आणि जायलाच पाहिजे. नियम माझाच आहे. पण रविवार गेला तर माझ्याकडं सहा दिवस उरतात बघ. त्या सहांत माझी बेल कुणी वाजवत नाही. वाजवली तरी मला कळणार नाही, ते सोड."

मग आम्ही दोघांनी कट केला. स्फोट झाला तर मी कान खाजवायचा. विनोद झाला तर नाक. दार उघडलं तर मानेवरून हात फिरवायचा. रेणू मेली तर डावा गुडघा धरायचा, वाचली तर उजवा.

रविवारी पडदे ओढून दिवा लावला, पंखा बंद केला आणि पहिली सीडी लागली. मी काकांच्या बरोबर समोर. पहिल्या अर्ध्या तासात चंद्रावर इतके स्फोट झाले की माझा कान लाल झाला. तिसऱ्या सीडीला बोरस्ते माझ्या कानाशी लागले, "खरूज झाली का काय तुम्हाला? माझ्याकडं मलम हाय." गडबडीत मी नाक खाजवलं. काका हसले. नेमक्या त्याच वेळी चौकीत एकाचा जीव गेला होता. प्राजक्ताने चमकून काकांकडे बघितलं. काकांनी चटकन तोंड लांब केलं.

चौथी सीडी. चौकीची हवा संपत आली. रेणू एकटी, चव्वेचाळीस दाराबाहेर. तो हाक मारतो, "रेणू?" उत्तर नाही. मग चाळीस सेकंद नुसती एक बारीक खसखस, येते आणि जाते, येते आणि जाते. आणि नाटक संपलं.

मग सगळे एकदम बोलायला लागले.

"पंप हाय तो," बोरस्ते म्हणाले. "माझ्या शेततळ्याची मोटार अशीच वाजती. बाई गेली."

"श्वास आहे," प्राजक्ता म्हणाली. "मी रोज ऐकते वॉर्डात."

"ताई, रडून का पंपाचा श्वास होतोय?"

"मी रडत नाहीये."

सहा जण पंपाकडे, चार जण श्वासाकडे, आणि मी कुठेच नाही, कारण खरं सांगायचं तर मला दोन्ही पटत होतं. निखिल हात वर करून काकांपुढे उभा राहिला. "काका, आता तुम्हीच सांगा. तुमच्यापुढे आमचे कान म्हणजे काय. नाहीतर असं करू, आत्ताच माझ्याकडे जाऊ आणि तिथे लावून बघू." त्याच्या बोलण्यात खोच नव्हती. असती तर भांडता तरी आलं असतं.

काका म्हणाले, "परत लाव."

पुन्हा ते चाळीस सेकंद. मी डाव्या गुडघ्यावर हात ठेवला, काढला, उजव्यावर ठेवला, शेवटी दोन्ही गुडघे घट्ट धरून बसलो. काकांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते एकेकाच्या तोंडावरून नजर फिरवत गेले आणि प्राजक्तापाशी थांबले.

खसखस संपली. काकांनी शिक्का उचलला, पॅडवर दाबला, वहीवर आणला. अकरा माणसं त्या शिक्क्याकडे बघत होती. मग त्यांनी तो बाजूला ठेवला.

"न तपासलेल्या मालावर मी शिक्का मारत नाही," ते म्हणाले. "चौतीस वर्षांत मारला नाही. मला ऐकू येत नाही. दीड वर्ष झालं. पंप नाही, श्वास नाही, काहीच नाही. निखिल, तुझे स्पीकर चांगले असतील. नियमाप्रमाणं बैठक तुझ्याकडं."

बोरस्त्यांच्या हातातला पोह्याचा चमचा बशी आणि तोंड यांच्या मधोमध थांबला. प्राजक्ताने सवयीने हात वर केला. काकांनी तिच्याकडे बघितल्यावर तिने विचारलं, "मग दीड वर्ष तुम्ही काय करत होता, काका?"

"तुम्हाला बघत होतो."

मग तेच पुढे बोलले. "बोरस्ते घाबरले की आधी पायानं चप्पल शोधतात. आणि हा निखिल, रडू आलं की चष्मा पुसतो, पुसून झाला तरी पुसत राहतो. असं नाटक कुठल्या सीडीत मिळतंय? तुझं म्हणशील तर आत्ता चाळीस सेकंद तू श्वास घेतला नाहीस. दोन्ही वेळेला. पंपासाठी नर्स श्वास धरत नाही. हा माझा निकाल नाही, तुझाच आहे. मी नुसता वाचला."

प्राजक्ता आता खरंच रडत होती. बोरस्ते तोंडातल्या तोंडात म्हणाले, "आसंल बा श्वास. शेततळ्याची मोटार तशी जुनी हाय." निखिल चष्मा पुसत होता. पुढच्या रविवारचं कुणी काढलं नाही. एकेक जण पायांत चपला सरकवून, काकांच्या हाताला हात लावून जिना उतरला. निखिलने बॉक्स सेट नीट बंद करून टेबलावर ठेवला, नेला नाही. त्याचा अर्थ काय, ते मला अजून कळलेलं नाही.

मी बशा गोळा केल्या. काका मोरीवर उभे राहून त्या घासायला लागले. नळ मोठा सोडला होता.

"येतील का रे पुन्हा?" त्यांनी विचारलं. पाठ माझ्याकडे होती.

"येतील," मी म्हणालो.

ते घासत राहिले. मी मोठ्याने म्हणालो, "येतील, काका." शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी खिडकी उघडून बघितलं असेल इतक्या मोठ्याने. काकांनी बशी विसळली आणि दुसरी घेतली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की प्रश्न त्यांनी मुद्दाम पाठमोरं राहून विचारला होता.

मी मोरीच्या पलीकडे, त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो. आयुष्यभर मी थापा मारल्या, पण त्या तोंडाने. नुसत्या चेहऱ्याने मारायची वेळ कधी आली नव्हती. मी भुवया वर केल्या, गाल फुगवले, जेवढी खात्री मला नव्हती तेवढी सगळी चेहऱ्यावर आणली.

काकांनी ओल्या हाताने नळ बंद केला आणि माझ्याकडे बराच वेळ, अगदी बारकाईने बघितलं.

"खोटं बोलतोस," ते म्हणाले. "बस. चहा टाकतो."