सेतुराव मामा आणि पिवळ्या टोप्या

चार माणसांनी एकसारखे शर्ट घातलेले दिसले की सेतुराव मामा रस्ता ओलांडत. एकदा ते कुणाच्या तरी लग्नाला निघाले होते. दारात बँडवाले लाल कोटात रांगेने उभे दिसले. मामा तडक समोरच्या मंगल कार्यालयात शिरले आणि भलत्याच लग्नात जेवून, आहेर करून घरी आले. "इटलींतही ऐसेंच सुरू जालें, अम्मा!" त्यांनी मला बजावलं. "आधीं शर्ट, मग शिट्टी, मग सलाम."

बँकेतल्या बदलीमुळे मी महाराष्ट्रातून तंजावरला गेले होते आणि मामांच्या माडीवर भाड्याने राहत होते. मामा तंजावरचे मराठी. मराठ्यांच्या राज्यात त्यांचे पूर्वज तिकडे गेले ते गेलेच. मामांची मराठी त्या काळातली, हेल मात्र पक्का तमिळ. आयुष्यभर त्यांनी शाळेत इतिहास शिकवला. बायको वारली होती, मुलगा अमेरिकेत होता. संध्याकाळी ते घरापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, पांढरंशुभ्र धोतर, तिकडची वेष्टी, नेसून बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हुकूमशहा सत्तेवर कसे येतात ते समजावत. म्हणून येणारेजाणारे मागच्या बोळाने जात.

तेव्हा गावात नुकतंच केबल आलं होतं. कोपऱ्यावर पशुपतीने रंगीत टीव्ही आणि मिक्सरचं दुकान थाटलं होतं. माणूस हसतमुख, सगळ्यांना नमस्कार करणारा. एके दिवशी नटराजन पोस्टमास्तरांची सायकल नाहीशी झाली आणि पशुपतीने गल्लीची सभा बोलावली. सभेला गरम बोंडा आणि कापी, म्हणजे कॉफी, होती. गल्ली झाडून हजर.

"आपली गल्ली आपणच राखायची," पशुपती म्हणाला आणि त्याने पिवळ्या टोप्या वाटल्या. फुकट. टोपीवर त्याच्या दुकानाचं नाव होतं, पण फुकट.

मामा उठले. हातात अर्धा बोंडा. "जर्मनींत..." ते म्हणाले.

"सार, आणखी एक घ्या ना," पशुपती म्हणाला. मामांनी घेतला. तोंड भरल्यामुळे जर्मनी तिथेच राहिली.

मग शिट्टी आली. सकाळी सहाला शिट्टी वाजली की प्रत्येकाने आपापल्या दारापुढे झाडायचं. गल्ली खरोखर चकचकीत झाली. मीही खूश होते. मग टोपीवाले एकमेकांना छातीवर हात आपटून "जागा राहा!" म्हणू लागले. त्यांतल्या एका जाड्या वकिलाने इतक्या जोरात हात आपटला की त्याला खोकल्याची उबळ आली. मामांनी त्याला पाणी दिलं आणि दोन बोटं वर करून मला दाखवलं, शिट्टी आणि सलाम!

पुढच्या सभेत टोपीवाल्यांचं मंडळ झालं आणि पशुपतीला त्याचा कायमचा अध्यक्ष करायचं ठरलं. "कायमचा कशाला?" मामांनी विचारलं. "दर वर्षी निवडायचा त्रास नको म्हणून," पशुपती नम्रपणे म्हणाला. सगळ्यांनी हात वर केले. विरोधात कोण, असं विचारल्यावर एकट्या मामांचा हात वर गेला.

"सार, हात खाली घ्या," फोटोवाला म्हणाला. "अध्यक्षांच्या तोंडावर येतोय."

तेवढ्यात सायकल सापडली. पोस्टमास्तर ती कुंभकोणमच्या बसस्टँडवर विसरून बसने परत आले होते. मला वाटलं, संपलं आता. पण पशुपतीने पेढे वाटले. "आपल्या पहाऱ्याला घाबरून चोराने सायकल परत नेऊन ठेवली!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोस्टमास्तरांनी सगळ्यांत जोरात.

आता चोर होता हे नक्की झालं. मग तो कोण हे ठरवणं आलं. गल्लीतला तर नाही. म्हणजे बाहेरचा. दुसऱ्या दिवसापासून बाहेरच्या विक्रेत्यांना गल्ली बंद.

काळियम्मा पापनाशमजवळच्या खेड्यातून पहाटेच्या बसने कीरै, म्हणजे पालेभाजी, घेऊन येई. वीस-पंचवीस वर्षं येत असेल. टोपीवाल्यांनी तिला गल्लीच्या तोंडावरच अडवलं. तिने हात जोडले, एकेकाच्या आईचं नाव घेऊन सांगितलं, कुणाच्या बाळंतपणात कुठली भाजी दिली तेही सांगितलं. जाडा वकील आकाशाकडे बघत राहिला. ऊन चढायला लागलं, टोपलीतल्या जुड्या माना टाकू लागल्या. दारादारांतून आम्ही सगळे बघत होतो. कुणी हललं नाही. तिने डोळ्यांना पदर लावला.

मामा तिण्णैवरून उतरले. मला वाटलं, आता इटली. पण त्यांनी वेष्टी वर दुमडली, काळियम्माची टोपली उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली.

"सार, हे काय?" वकील ओरडला.

"मी तर गल्लींतलाच की," मामा म्हणाले. "की मीही बाहेरचा?"

आणि वर्गात ज्या आवाजाने ते पोरांना उठवत, त्या आवाजात ओरडत निघाले, "कीरै! कीरै अम्मा, कीरै!" टोपलीतलं पाणी चष्म्यावरून ओघळत होतं. वेष्टी सुटायला आली होती. एका हाताने टोपली आणि एका हाताने अब्रू सांभाळत मामा चालले होते. कुणीतरी खिदळलं. मग सगळी गल्ली हसायला लागली. पशुपती शिट्ट्या फुंकू लागला, तर मामांना वाटलं गिऱ्हाईक बोलावतंय. ते त्याच्याच दारात जाऊन उभे राहिले. आतून पशुपतीची म्हातारी आई आली. जुडी हातात घेऊन तिने मुलाला झापलं, "तू गप्प बस रे! दोन दिवस घरात भाजी नाही." आणि मामांशी घासाघीस सुरू केली. मामांना भाव ठाऊक नव्हता. शेवटी काळियम्मालाच आत बोलवावं लागलं. वकिलाने वाट सोडली.

मंडळ मात्र काही बुडालं नाही. ते मोठं झालं, दुसऱ्या गल्ल्यांत गेलं, आणि पुढच्या निवडणुकीत पशुपती नगरपालिकेत निवडून आला. आमच्या गल्लीतल्या सभा तेवढ्या बंद पडल्या.

एका संध्याकाळी मी बँकेतून आले तेव्हा मामा तिण्णैवर एकटेच होते. "सुटलात ना मामा, सभांतून?" मी गमतीने म्हटलं.

मामांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"खरें सांगूं, अम्मा? मला सभा आवडत. मी विरोध करीं, तरी माझी खुर्ची ठेवीत. सार, कापी घ्या, म्हणत. बायको गेल्यावर मला कोणी या, बसा, म्हटलेंच नव्हतें." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "इतकीं वर्षें मुलांना शिकवलें, लोक अशा मंडळांत भीतीनें जातात, रागानें जातात. हें शिकवलेंच नाहीं. कोणी बोलावतें म्हणून जातात."

मी वर जायला निघाले होते. पर्स बाजूला ठेवली आणि तिण्णैवर बसले. मामा इतके गडबडले की त्यांना विषयच सुचेना. सरकून जागा केली, घसा खाकरला, पुन्हा सरकले.

"तुमच्या गांवांत," शेवटी त्यांनी विचारलं, "आतां थंडी असेल, की?"

मी सांगितलं. अगदी सविस्तर सांगितलं.