एकोणीस डेसिबलची शांतता

यंत्र निवडावे कसे, हे जगाने आपल्याकडून शिकावे, असे ग्रंथपालांचे ठाम मत होते! थंडीत ऊब आणि उन्हाळ्यात गारवा देणारे घरातले जुने यंत्र बदलायचे ठरले, तेव्हा त्यांनी सात कंपन्यांची माहितीपत्रके आणून ती अकारविल्हे लावली. दुकानात विक्रेता विजेच्या बचतीचे स्तोत्र गाऊ लागताच त्यांनी हात वर केला.

"आवाज किती?"

"एकोणीस डेसिबल, साहेब! चालू आहे की बंद, हात लावून बघावं लागतं!"

"हेच द्या!"

हा आग्रह अकारण नव्हता. ज्यांचे आयुष्य वाचनालयाच्या निःशब्दतेत गेले, त्यांच्याच दिवाणखान्यात बारा वर्षे ते जुने धूड बारमाही गिरणीसारखे घरघरत होते. त्याच्या थेट खाली सासऱ्यांची खुर्ची होती. पंधरा दिवसांसाठी आलेले सासरे त्या खुर्चीत तीन वर्षे विराजमान होते; आतल्या खोलीत ते फक्त झोपायला जात. ते ठार बहिरे आहेत, ही घरातली सर्वमान्य गोष्ट होती. कानाच्या डॉक्टरांकडे न्यायचे म्हटले, की ते हसून म्हणत, "वयोमानानं चालायचंच!"

सांगायला संकोच वाटतो, पण या बहिरेपणाचा ग्रंथपालांना मोठा आधार होता. रोज सायंकाळी ते सासऱ्यांच्या हाती चहा देत आणि मधाळ हसून मनातली सारी मळमळ ओकून टाकत. सासरे मान डोलावून म्हणत, "छान, छान!" दोघेही तृप्त होत.

नवे यंत्र बसले. खोलीत अशी शांतता पसरली, की भिंतीवरच्या घड्याळालाही आपल्या टिकटिकीची लाज वाटावी! कृतार्थ मनाने ग्रंथपालांनी चहा आणला आणि नित्याच्या हास्यासह म्हटले, "घ्या, महाराज! खुर्ची माझी, वर्तमानपत्र माझं, चहा माझा. तुमचं स्वतःचं असं इथे काय आहे? नुसतं बूड!"

कप ओठांपाशीच थांबला.

"अगं," सासऱ्यांनी लेकीला हाक मारली, "माझे कान बरे झाले! दोष कानांचा नव्हताच, त्या डोक्यावरच्या गिरणीचा होता!" मग जावयाकडे वळून त्यांनी हळूच विचारले, "जावईबापू, रोज हेच म्हणत होता?"

सासरे उठले, आत गेले. बॅगेची चेन ओढल्याचा आवाज बाहेर स्पष्ट ऐकू आला.

पत्नी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "बाबा माझ्या धाकट्या भावाला फोनवर काय सांगायचे, माहीत आहे? 'ऐकू येत नाही रे, पण जावई रोज प्रेमानं विचारपूस करतात. चेहऱ्यावरूनच कळतं.' अहो, आता ते त्याच्याकडे निघालेत. दोन खोल्या आणि सहा माणसं! कुठे झोपणार आहेत ते?"

तीन वर्षांत त्या वृद्धाने ग्रंथपालांकडून एकही गोड शब्द ऐकला नव्हता, आणि तरीही रोज 'छान, छान' म्हटले होते. ग्रंथपाल आतल्या खोलीत गेले. बॅग कॉटवर तयार होती.

"बाबा, चुकलो. जाऊ नका," ते पुटपुटले.

सासऱ्यांनी कानामागे हात धरला. "काय?"

"चुकलो, बाबा!"

"ऐकू येत नाही हो!"

"माझं चुकलं!" जन्मभर ज्यांनी इतरांना 'हळू बोला' म्हणून दटावले, ते ग्रंथपाल बेंबीच्या देठापासून ओरडले, "तुम्ही इथेच राहा! खुर्ची तुमचीच आहे!"

खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी खिडकीतून मान वर केली. "अहो, राहतील ते! किती ओरडाल?"

सासरे कॉटवर बसले. बॅग त्यांनी हाताने किंचित मागे सारली.

"आता थोडं थोडं येतंय," ते म्हणाले. "खुर्चीचं पुन्हा एकदा म्हणा."