मगनबापूंची सातची मालिका

मगनबापूंना काहीही सांगायला जा, दुसऱ्या वाक्याला ते हात वर करतात. "थांबा. पकड नाही."

मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन गेलो, तेव्हाही तेच. "मुलगी राजी, मुलगा राजी, दोन्ही घरं राजी. मास्तर, मग हे बघणार कोण?" पण लग्नात शेवटची पंगत उठेपर्यंत वाढत होते तेच.

बापू तीस वर्षं मुंबईत एका टीव्ही वाहिनीत मोठे साहेब होते. कुठली मालिका चालवायची, कुठली बंद करायची, हे ते ठरवायचे. मधे दोन सिनेमेही काढले. त्याबद्दल ते बोलत नाहीत. पत्नी गेल्यावर ब्राह्मणपुरीला, आपल्या गावी परतले. मुलगा परदेशात. केळीच्या बागेत मजेत असतात, पण साहेबपणा सुटत नाही.

एकदा शेजारच्या मळ्यातला ओंकार धापा टाकत आला. "बापू, सकायपासून मन्हा बैल दखाई नही ऱ्हायना!"

"सुरुवात बैल सापडल्यापासून कर. हरवणं मागाहून दाखवू."

"मी बैल शोधी ऱ्हायनू, गोष्ट नही सांगी ऱ्हायनू!"

बापू वरमले. चपला घातल्या आणि नाल्यापर्यंत बैल शोधत फिरले.

आमच्या गल्लीत शेवंतामाय राहते. तिची दृष्टी गेलेली. संध्याकाळी सातची मालिका ती नुसती ऐकायची. पण मधेच संवाद थांबून ढॅण्ण ढॅण्ण वाजायला लागलं की तिला काही कळायचं नाही. बापू तिच्या शेजारी बसून सांगू लागले, "सासू दखी ऱ्हायनी. आते सून दखी ऱ्हायनी. परत सासू." मुंबईत कायम प्रमाण मराठी बोललेला माणूस तिच्या ओट्यावर चढताना अहिराणी होऊन जायचा. मला म्हणाले, "एकच चेहरा तीनदा दाखवायची सूचना माझीच होती, मास्तर. आता फेडतोय."

मग ती मालिका अर्ध्यातच बंद पडली. नायिका घर सोडून निघालेली, आणि सोमवारपासून तिथे दुसरंच काहीतरी. आता बापू मायला काय सांगणार, म्हणून मी सातला तिच्याकडे डोकावलो. टीव्ही बंद होता. समोर बसून बापू सांगत होते, "एसटीमधून उतरनी. हातमा पिशवी शे."

"टीव्हीना आवाज कवय नीट व्हई रे?" मायनं विचारलं.

"मेकॅनिक येवाव शे. तवलोंग मी सांगस ना!"

बाहेर आल्यावर बापू माझ्याकडे न बघता म्हणाले, "एका फोनवर किती मालिका बंद केल्या मी. पलीकडे कोणी वाट बघत बसलंय, हे डोक्यातच आलं नाही. तिला सांगू नका."

असे तीन महिने गेले. बापूंच्या मालिकेत नायिका शहाद्याला नोकरीला लागली, सासू बरीच निवळली.

परवा दुपारी मायच्या ओट्यावर टेकलो होतो. न राहवून म्हणालो, "माय, ती मालिका..."

"बंद पडनी. माले पहिल्या दिवशीच मन्ही सूननी सांगं."

"मग रोज ऐकतेस कशाला?" मी विचारलं.

"त्याना घरमा कोन शे, मास्तर? सात वाजनात का येस, घडीभर बोलस, च्या पेस." तिनं हात पुढे करून चाचपडत माझा हात धरला. "तू काही बोलू नको त्याले."