बिनघोर तिकीट

आमच्या पांढुर्ण्याच्या नाट्यगृहाच्या खिडकीवर 'येतो' म्हणायला बंदी आहे. थट्टा नाही करून राहिलो, काचेवर लाल अक्षरात पाटीच लावलेली आहे: 'तिकीट वापस करणाऱ्याने निघताना येतो म्हणू नये. जातो म्हणावे.' खाली सही, देवमन खोडे, खिडकीप्रमुख. असं पद आमच्या समितीत कधीच नव्हतं. देवमनभाऊंनी ते स्वतः काढलं, स्वतःला दिलं आणि मग अध्यक्षांना कळवलं.

आता तुम्हीच सांगा राजेहो, आपल्याकडे बाई असो की माणूस, निघताना 'येतो'च म्हणतात; कोणी 'जातो' म्हणतं का? जीभच रेटत नाही. सौंसरची एक आजी तिकीट वापस करायला आली. पैसे हातात पडले. देवमनभाऊ म्हणाले, "आता जातो म्हना."

आजी भडकली. "तूच जाय ना बाप्पा! मी कायले जाऊ? माया नातीचं लगन हाय!"

ती 'जातो' म्हणेना, हे तिला सोडेनात. पहिला अंक संपेस्तोवर म्हातारी खिडकीशी उभी. शेवटी मी तिला मागच्या दाराने बाहेर काढलं, कारण तिथे खिडकीप्रमुखांचा अंमल चालत नाही.

मी त्याच नाट्यगृहाच्या दारावर तिकिटं फाडतो. दिवसा शाळेत गणित शिकवतो, म्हणून सगळे मास्तर म्हणतात. देवमनभाऊ तिकीट विकतात, मी फाडतो, आणि आमची घरंही भिंतीला भिंत लागून. त्यांच्याबद्दल बोलायचा माझ्यापेक्षा जास्त हक्क फक्त त्यांच्या बायकोचा, वच्छलावहिनींचा. पण त्या गेल्या पुण्याला मुलाकडे. का गेल्या, तेही सांगतो.

देवमनभाऊंचा जन्म गेला रेल्वेच्या तिकीटखिडकीत. रिटायर झाले आणि घरी त्यांना बोलताच येईना. समोर चौकट नसली की माणसाशी काय बोलावं ते सुचतच नसे. चहा पाहिजे असला की अंगणातून फिरून स्वयंपाकघराच्या खिडकीशी जायचे आणि गजातून एक बोट दाखवायचे. आतून वहिनींचा आवाज माझ्या घरापर्यंत यायचा, "दारातून या जी! मी काही इटारसीचं तिकीट नाही देऊन राह्यलो!" शेवटी वहिनींनीच समितीकडे खटपट करून त्यांना नाट्यगृहाची खिडकी मिळवून दिली. याचा त्यांना पुढे फार पस्तावा झाला.

आमचं नाट्यगृह म्हणजे पूर्वीचं कापसाचं जिनिंग. छपरात अजून कापूस अडकलेला आहे. टाळ्या जोरात पडल्या की तो खाली उतरतो आणि नाकात जातो. नागपूरहून आलेल्या एका नटाचा मरण्याचा प्रसंग होता. असा काही मेला की लोकांनी छप्पर उडेल इतक्या टाळ्या दिल्या, आणि मेलेला माणूस तीनदा शिंकला. तरी गर्दी कमी होत नाही. पांढुर्णा जिल्हा झाला, साहेब लोक आले, आणि नाटक आलं की हाउसफुल्ल ठरलेलं.

त्या गर्दीचं खरं दुखणं खिडकीवर होतं. ऐन नाटकाच्या दिवशी कोणाकडे पाहुणे टपकायचे, कोणाचा संत्र्याचा ट्रक भरायला लागायचा. ते पैसे वापस मागायचे. नियम होता की विकलेलं तिकीट वापस नाही. मग आरडाओरड, काचेवर बुक्क्या. मागे तिकीट न मिळालेले लोक ताटकळत उभे, आणि आत त्याच ट्रकवाल्याची खुर्ची रिकामी. देवमनभाऊंनी एक हंगाम हे पाहिलं आणि समितीत उभे राहिले. "रेल्वे पैसे वापस करते. नाटक काय रेल्वेहून मोठं झालं का?"

त्यातून निघालं बिनघोर तिकीट. दहा रुपये वरून द्यायचे, तिकिटावर 'बिनघोर' असा शिक्का मारून घ्यायचा. यायला नाही जमलं तर पहिल्या घंटेच्या आत कारण सांगायचं आणि तिकिटाचे पैसे घेऊन जायचं. सुटलेली जागा तिथल्या तिथे रांगेतल्या माणसाला. अध्यक्ष म्हणाले, समिती बुडेल. कुठची बुडते! लोक आधीपासून तिकिटं घेऊ लागले, कारण फसायची भीती गेली. बुक्क्या थांबल्या. रिकाम्या खुर्च्या भरल्या. आता अध्यक्ष जिथे तिथे सांगतात की कल्पना त्यांची होती.

फक्त एक गोष्ट समितीच्या ध्यानात आली नाही. योजनेत कारण सांगायचं होतं, आणि कारण ऐकणारे देवमनभाऊ होते.

"कारण बोला," असं म्हणून ते चष्मा सारखा करून दोन्ही कोपरं टेकवायचे. 'काम आहे' एवढं म्हणणाऱ्याला चालते व्हा. "काम त बैलालेही असते. जरा इस्कटून सांगा ना!" माणूस मग इस्कटून सांगायचा. मोहगावचा एक म्हणाला, सासरा आला आहे, त्याला घरी ठेवता येत नाही आणि नाटकात आणला तर घोरतो. मंजूर. एकाने जामसांवलीहून फोन केला, मारोतीच्या दर्शनाच्या रांगेत अडकलो. "मारोतीच्या रांगेपुढं आपली रांग कायची? मंजूर!" एकाची म्हैस नाटकाच्याच दिवशी व्याली. देवमनभाऊंनी पैसे दिले, वर विचारलं, "काय झालं, वगार का हल्या?" मागची रांग खोळंबलेली, आणि यांना म्हशीची खुशाली पाहिजे.

मी एकदा चिडून म्हटलं, "भाऊ, कशाला इतकं खोदता?"

"मास्तर, उभ्या जिंदगीत लोक मले सांगत गेले, नागपूर दोन, बैतूल एक. कायले जाऊन राह्यले, ते एकानंही नाही सांगतलं. मी इचारलंही नाही. टाइमच नसे." आणि काचेतून ओरडले, "पुढचा!"

एकाने तापाचं कारण दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे संत्री घेऊन त्याच्या घरी हजर. तो अंगणात भजी खात होता. यांना फाटकाशी पाहताच भज्यांसकट रजईत शिरला. देवमनभाऊंनी कपाळावर हात ठेवला, म्हणाले, "अजून कणकण हाय," आणि दुपारपर्यंत उशाशी बसले. ऐन उन्हाळ्यात रजईत घामाघूम होऊन त्या बिचाऱ्याला संध्याकाळी खरंच ताप भरला. तेव्हापासून तो एकही नाटक चुकवत नाही.

आता 'येतो'चं. सौंसरच्या एका कापडवाल्याने सगळ्या नातेवाइकांसाठी मधली अख्खी रांग बिनघोर घेतली होती. मग खिडकीवर येऊन तासभर कारण सांगितलं. मोठी जाऊ धाकटीशी बोलत नाही, धाकटी सासूशी बोलत नाही, कोणाला कोणाजवळ बसवावं? देवमनभाऊ रंगून गेले. शेवटी बोलण्याच्या भरात पैसे मागायचं राहिलंच आणि तो म्हणाला, "त असं हाय भाऊ. बरं, येतो." देवमनभाऊंना वाटलं, चला, समेट झाला, सगळे येतात. त्यांनी रांग ठेवली. बाहेरची माणसं परत पाठवली. नाटक विनोदी, नाट्यगृह गच्च आणि मधोमध एक रांग भुंडी. नट प्रत्येक विनोदानंतर त्या रांगेकडे पाहून अडखळायचा.

दुसऱ्या दिवशी कापडवाला पैसे मागायला आला. "येतो म्हनलं ना मी!"

"येतो म्हनलं म्हनूनच त जागा ठेवली!"

ही दोनच वाक्यं ते दोघं जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकमेकांना ऐकवत होते. त्याच दुपारी पाटी लागली. कोणीतरी 'जाऊन येतो' चालेल का विचारलं. तेही नामंजूर, त्यात 'येतो' आहे म्हणून.

या शब्दावर त्यांचा एवढा राग का, ते भिंतीपलीकडून मला ठाऊक होतं. वहिनींना नाटकाचं भारी वेड. दर नाटकाला ग रांगेत कडेच्या दोन खुर्च्या, एक त्यांची, एक यांची. देवमनभाऊ म्हणायचे, "तू बस, मी घंटा झाली का येतो." तिसरी घंटा व्हायची, मध्यंतर व्हायचं, पडदा पडायचा. खिडकीवर कोणीतरी असायचंच. वहिनी पर्स बाजूच्या खुर्चीवर ठेवून एकट्या हसायच्या, एकट्या रडायच्या. पुण्याला नातू झाला तेव्हा त्या दोन महिन्यांसाठी म्हणून गेल्या. डब्याच्या खिडकीतून म्हणाल्या, "येतो जी." आता तो नातू शाळेत जातो.

तेव्हापासून हे दर नाटकाला ग रांगेतली दोन बिनघोर तिकिटं स्वतःच स्वतःकडून विकत घ्यायचे, शिक्का मारायचे आणि फोटो काढून वहिनींना पाठवायचे. बाकी एक शब्द नाही. नाटकाच्या दिवशी वहिनींचं कारण यायचं, तेही रीतसर इस्कटून. नातवाचे दात येऊन राहिले. सुनेची रात्रपाळी. कामवाली गावी गेली. देवमनभाऊ मला वाचून दाखवायचे.

"कारण खरं हाय ना, मास्तर?"

"खरंच असेल भाऊ."

"हो. खरं हाय. मंजूर." मग पहिल्या घंटेला दोन्ही तिकिटं रांगेतल्यांना विकून टाकायचे. तेवढा वेळ त्यांना कोणाचं कारण ऐकायचं नसे. मला फार वाईट वाटायचं.

परवाच्या नाटकाला मात्र कारण आलंच नाही. दुपार गेली, संध्याकाळ झाली. बाहेर ही गर्दी. अध्यक्ष धावत आले, मोठ्या साहेबांचे सासू-सासरे आले आहेत, ग रांगेतल्या दोन द्या.

"कारण आलं नाही," देवमनभाऊ म्हणाले.

"कोणाचं कारण? दरवेळी तर विकता!"

"दरवेळी कारण येते."

पहिली घंटा झाली. अध्यक्ष लालबुंद. साहेबांच्या सासू-सासऱ्यांना प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या. देवमनभाऊंचं लक्ष मोबाइलवर. एका माणसाला त्यांनी पैसे घेऊन तिकीटच दिलं नाही, दुसऱ्याला तिकीट देऊन पैसेच घेतले नाहीत. मीही काळजीत पडलो. म्हटलं, "भाऊ, फोन तर करा. बऱ्या आहेत ना वहिनी?"

"कारण मागाले खिडकीनं फोन करायचा नसते," ते म्हणाले. पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. "नियम हाय."

तेवढ्यात काचेखालून एक हात आत आला. हातात मोबाइल, मोबाइलवर दोन तिकिटांचा फोटो.

"दोन्ही वापस करायची हायत."

देवमनभाऊंनी मान वर केली नाही. "कारण बोला."

"बाजूची खुर्ची रिकामी राह्यते जी."

मी दारातून वाकून पाहिलं. वच्छलावहिनी. खांद्याला प्रवासाची बॅग, केस विस्कटलेले, रांगेत धक्के खाऊन पदर खाली आलेला. देवमनभाऊ काचेतून बघतच राहिले. मग म्हणाले, "आज कारण नाही पाठोलं?"

"उरलंच नव्हतं, त काय पाठवू? नातू शाळेत जाते, सून घरून काम करते. काल दिवसभर इचार केला. एकही खरं कारण सापडेना. मंग गाडीत बसलो." वहिनींनी डोळे पुसले. "पन मी एकटी नाही बसत. एकटी त मी पुन्यातही बसतो. वापस करा."

मागून ओरडा सुरू झाला, "अहो काकू, सरका ना!"

देवमनभाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "वापस नाही होत," ते म्हणाले. "पहिली घंटा झाली. आता बसाच लागते."

"कोनाले?"

त्यांनी दोन्ही तिकिटं काढून समोर ठेवली. मग म्हणाले, "दोघाइले."

ते उठले आणि मला बोलावून खिडकीची किल्ली हातात दिली. "मास्तर, जरा सांभाळा. मी ये…" तिथेच अडले. पाटीकडे पाहिलं, बाहेर उभ्या वहिनींकडे पाहिलं. "जातो," म्हणाले.

मी दोन्ही तिकिटं फाडली आणि खिडकीत जाऊन बसलो. मध्यंतराची घंटा झाली तेव्हा आता खिडकीकडे पळत येतील म्हणून त्यांची वाट पाहिली. ते काही आले नाहीत. नाटक संपता संपता आत टाळ्यांचा कडकडाट झाला, छपरातला कापूस उतरला असणार, आणि ग रांगेतून एक जोरदार शिंक ऐकू आली. भिंतीला भिंत लागून राहतो मी, ती शिंक कोणाची ते मला बरोबर कळलं.