एकशे चौतीस ठोके

नव्या सिस्टरने चौदा नंबरच्या खाटेवरच्या काकांचं मनगट धरलं, तेव्हा तिला कुणी तिचं स्वतःचं नाव विचारलं असतं तर तेही तिने तक्त्यावर बघून सांगितलं असतं. वॉर्डातल्या पहिल्या दिवशी तिच्या हातून ट्रे पडला होता, दुसऱ्या दिवशी तोच ट्रे पुन्हा पडला होता. काल मोठ्या सिस्टरनी शांतपणे बजावलं होतं, "उद्या चौदा नंबरची ऑपरेशनची तयारी तू एकटीने करायची. जमलं तर वॉर्डात राहशील. नाही तर पुन्हा तीन महिने वर्गात." वर्गात म्हणजे सरावाच्या रबरी बाहुल्यांच्या सेवेत. बाहुल्यांसमोर तिचा हात कधी थरथरला नव्हता, पण तिला माणसांतच राहायचं होतं.

काका निवृत्त बसड्रायव्हर. दोन वर्षं हर्नियाचं ऑपरेशन टाळल्यावर काकूंनी त्यांना अक्षरशः धरून आणलं होतं. अकरा वाजता त्यांचा नंबर होता. "चाळीस वर्षं गाडी चालवली," ते दिसेल त्याला सांगत होते, "उतारावर ब्रेक गेला तरी हात हलला नाही."

नव्या सिस्टरचा मात्र चांगलाच हलत होता. मनगटावर बोटं ठरेनात, म्हणून तिने अंगठाच घट्ट दाबून धरला आणि घड्याळाकडे बघत मिनिटभर नाडी मोजली.

"किती?" काकांनी विचारलं.

"एकशे चौतीस." पेशंटला असं तोंडावर सांगायचं नसतं, हे तिला सांगून झाल्यावर आठवलं.

काकांचा चेहरा पडायला हवा होता, तो खुलला. "मग आज ऑपरेशन नाही व्हायचं?"

"डॉक्टरांना विचारते."

"विचार की. छातीतही धडधडतंय म्हणावं."

"पहाटेपासून तीनदा चहा मागितलात, तेव्हा नव्हतं धडधडत," शेजारी स्टुलावर बसलेल्या काकू म्हणाल्या.

डॉक्टर दुसऱ्या पेशंटमध्ये अडकले होते. त्यांनी फोनवरूनच फर्मावलं, ईसीजी काढा आणि ऑपरेशन थिएटरला थांबायला सांगा. थिएटरने बारा नंबरच्या बाईंना आधी घ्यायचं ठरवलं. त्या बाईंनी माझा मुलगा आल्याशिवाय मी हलणार नाही, असं सांगून खाटेची कड धरली. तेवढ्यात ईसीजीवाला मशीन ढकलत आला. मशीनने काकांचे ठोके सांगितले, अठ्ठ्याहत्तर.

नव्या सिस्टरने पुन्हा अंगठा दाबला. आता एकशे अडतीस होते.

"हे मशीन जुनं झालंय," ईसीजीवाल्याने त्याला दोन थापट्या मारल्या. "वरच्या मजल्यावरचं आणतो."

वरच्या मजल्यावरचं मशीनही अठ्ठ्याहत्तरच म्हणालं.

"दोन्ही बिघडलीत," काका समाधानाने म्हणाले. "अहो, माणसावर विश्वास ठेवा. पोरीचा हात चांगला आहे."

हा गलका ऐकून मोठ्या सिस्टर आल्या. त्यांनी दोन मशीनं पाहिली, खाटेला चिकटलेल्या बाई पाहिल्या आणि शेवटी नव्या सिस्टरकडे पाहिलं. "माझ्यासमोर मोज," त्या म्हणाल्या. तिने मनगट धरताच त्यांनी तिचा अंगठा अलगद बाजूला केला आणि तिथे तिची तीन बोटं ठेवली.

"अंगठ्याची स्वतःची नाडी असते," त्या हळूच म्हणाल्या. "इतका वेळ तू कुणाची मोजत होतीस?"

नव्या सिस्टरला धरणी दुभंगली तर बरं, असं झालं. मशीनवर ढकलायची सोय होती, ईसीजीवाला तर तयारच होता. तिच्या डोळ्यांपुढे ओळीने रबरी बाहुल्या आल्या.

"काका, तुमची नाडी उत्तम आहे," ती सगळ्यांच्या देखत म्हणाली. "एकशे चौतीस माझी होती. चूक माझीच."

काकांनी बारीक आवाजात विचारलं, "म्हणजे, आज होणार?"

"अकरालाच," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

चाळीस वर्षं न हललेला हात आता थरथरू लागला. नव्या सिस्टरने तीन बोटांनी मोजलं, तर एकशे सोळा. मोठ्या सिस्टरनी स्वतः मोजून मान हलवली. या वेळी ठोके काकांचेच होते. "असे आत गेले तर भूलवाले डॉक्टर परत पाठवतील," त्या म्हणाल्या.

नवी सिस्टर स्टूल ओढून बसली. धीर कसा द्यायचा हे तिने वर्गात पाठ केलं होतं, पण त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ. जे खरं होतं तेच तिच्या तोंडून निघालं.

"काका, तुमच्याबरोबर थिएटरच्या दारापर्यंत मला यायचंय. मी कधी गेलेली नाही. मला फार भीती वाटतेय."

काकांनी मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. "पहिल्यांदाच?"

"पहिल्यांदाच."

"मी पहिल्यांदा उतारावर गाडी घातली ना," काका आवाज खाली आणून म्हणाले, "तेव्हा पाय नुसते लटलट. हिलासुद्धा सांगितलं नाही कधी. कंडक्टर मागून गप्पा मारत राहिला, म्हणून उतरली गाडी. तू असं कर, माझ्याशी बोलत राहा."

ती बोलत राहिली. खरं तर काकाच बोलत होते, ती फक्त हुंकार देत होती, पण तिची तीन बोटं मनगटावरून हलली नाहीत. शंभर झाले, ब्याण्णव झाले, अकराला पाच मिनिटं असताना चौऱ्याऐंशी झाले. काकांची गाडी लिफ्टकडे निघाली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला होता, आणि कोण कुणाला नेतंय हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

दुपारी काका शुद्धीवर आले आणि थोड्याच वेळात शेजारच्या खाटेला ऐकवू लागले, "मला कसली भीती? पोरगी घाबरली होती हो. तिच्यासोबत कुणीतरी जायला नको?"

काकूंनी हसू दाबत नव्या सिस्टरचे दोन्ही हात हातात घेतले. "दोन वर्षं मी डोकं फोडत होते, बाई. तू अर्ध्या तासात नेलंस."

"त्यांनीच मला नेलं, काकू," ती म्हणाली. ती मनापासून बोलत होती. या फुशारक्या मारणाऱ्या माणसाचे उपकार कसे फेडावेत, हे तिला खरोखरच कळत नव्हतं.

पाचला मोठ्या सिस्टरनी तिला बोलावलं. तिने जाता जाता मनातल्या मनात वर्गाची बॅग भरून टाकली.

"पुन्हा अंगठा?"

"कधीच नाही, सिस्टर."

"बरं. उद्या सोळा नंबरच्या आजोबांचं ऑपरेशन आहे. सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडलेत, कुणाशी एक शब्द नाही. आजपासून ते तुझे."

तिला आधी खरंच वाटेना. मग डोळे भरून आले. "थँक्यू, सिस्टर. पण मी काय करू त्यांच्यासाठी?"

मोठ्या सिस्टरनी हातातल्या कागदावरून नजरही वर उचलली नाही.

"जा, त्यांच्याजवळ बसून जरा घाबर."