पोटातली एक सीट

मामाजी बुधवारी सकाळी गेले. त्या दिवशी आमच्या घरात पेल्यावर चमचा वाजला नाही.

या चमच्याचं आधी सांगायला हवं. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्या भागात सासऱ्याला मामाजी म्हणतात. सगळी नोकरी त्यांनी एसटीत कंडक्टर म्हणून केली. निवृत्त झाल्यावर गाडी सुटली, कंडक्टरकी सुटली नाही. आम्ही जेवायला बसलो की ते स्टीलच्या पेल्यावर चमचा दोनदा वाजवायचे. टण टण. म्हणजे गाडी निघाली, सुरू करा. मग काही वेळाने एकदाच, टण. म्हणजे स्टॉप आला. त्यानंतर ताटातलं संपवायचं, नवीन वाढून घ्यायचं नाही. आणि हा दुसरा ठोका नेमका आपल्याला अजून चार घास हवे असायचे तेव्हाच पडायचा.

"पोटात एक सीट खाली ठेवा," ते म्हणायचे. "फुल गाडी चढावर दम टाकते."

मी नागपूरची. लग्न होऊन या गावात आले तेव्हा पहिल्याच जेवणात माझा हात भाताच्या भांड्याकडे गेला आणि ठोका पडला. हात तिथेच थांबला. सुधीर, म्हणजे माझा नवरा, हळूच म्हणाला, "राहू दे. उतर आता."

माझे वडील पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्यावरही ठोका पडला. आमच्या माहेरी पाहुण्याला आग्रह करून करून वाढतात. पाहुणा ताटावर आडवा हात धरतो, तरी वाढतात. बाबांनी रीतीप्रमाणे आडवा हात धरला आणि इथे कोणी वाढलंच नाही. दुपारी मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, घरचं बरं आहे ना? पुढच्या खेपेला ते चिवड्याची मोठी पिशवी घेऊन आले. मामाजींनी ती हातात धरून तोलून पाहिली.

"व्याहीबुवा, येवढ्या लगेजले येगळं तिकीट लागते."

पण त्यांच्या खुर्चीखाली चिवड्याचे दाणे मीच झाडले होते, हेही खरं आहे.

आमचं गाव पवनीच्या पुढे, तलावाच्या पाळीला लागून आहे. मी पवनीच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. दिवसभर गप्प पुस्तकांत बसून संध्याकाळी घरी यावं, तर घराची गाडी झालेली असायची. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की मामाजी दारात उभे राहून विचारत, "रिकामी गाडी कोनासाठी चालून राहिली?" कोणी उत्तर देईपर्यंत तिथून हलत नसत. आंघोळीचं पाणी नालीत जाऊ द्यायचं नाही, ते परसातल्या कोचईला, म्हणजे अळूला. या कोचईच्या पानांच्या वड्या आम्ही इतक्या खाल्ल्या आहेत की माझी मुलगी ऋतुजा पाहुण्यांना सांगायची, आमच्याकडे आंघोळीच्या वड्या करतात.

घरात कुकर होता, पण वर माळ्यावर. भात पातेल्यात शिजायचा, पेज काढून. सकाळी सगळ्यांनी पेलाभर पेज, चिमूटभर मीठ घालून, प्यायची. ऋतुजा नाक धरून प्यायची. तिने एकदा विचारलं, "आबाजी, काहून पेयाची हे रोज?"

"डेपोतून गाडी डिझेल टाकूनच निंगते, बाई."

संध्याकाळचं जेवण दिवे लागायच्या आत. रविवारी सगळ्यांनी तलावाच्या पाळीवरून चालायचं, आणि चालताना मागे रेंगाळणाऱ्याला "पुढं सरका, पुढं जागा हाय" हे ऐकावं लागायचं. पुढे खरंच जागा असायची. धानाची मोकळी शेतं, पाणी आणि बगळे. मी कुरकुरत जायचे आणि परत येताना कुरकुर संपलेली असायची. या सगळ्याचा परिणाम म्हणा किंवा नशीब म्हणा, आम्हाला दवाखान्याची पायरी फारशी चढावी लागली नाही. एकदा मामाजींना तपासायला नेलं होतं. डॉक्टर कागद पाहून म्हणाले, उत्तम आहे. मामाजींनी डॉक्टरांच्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुमची गाडी मातर फुल होऊन राहिली, साहेब." फी सुधीरने मान खाली घालून दिली.

जेवण झालं की मामाजींची शतपावली असे. हातात कापडी पिशवी घेऊन बसस्टँडपर्यंत. बसस्टँड म्हणजे एक पिंपळ आणि एक पत्र्याचं शेड. तिथे सव्वासातला मुक्कामी गाडी येते. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गाडीतच झोपतात आणि पहाटे पहिली फेरी घेऊन जातात. सोबत कोणी आलेलं त्यांना चालत नसे. पिशवीत काय, तर म्हणे टॉर्च. आम्ही समजून घेतलं. आयुष्य ज्या गाडीत गेलं ती रोज एकदा डोळ्यांनी पाहावीशी वाटत असेल. पहाटेही ते एकदा तिकडे फिरून येत.

एका गोष्टीचा मात्र उलगडा होत नव्हता. दुसरा ठोका पडायचा तेव्हा पातेल्यात भात असायचा. मी हात धुऊन येईपर्यंत पातेलं रिकामं. भांडी आवरायचं काम मामाजींनी स्वतःकडे घेतलं होतं. भात कुत्र्याला जातो, असं मला वाटायचं. सुधीरचं मत पक्कं होतं.

"बाबा आपल्याला उतरवतात आणि मागून स्वतः चढतात."

आम्ही हसायचो. पण माझं हसणं पूर्ण हसणं नव्हतं. मी कामावरून गाडीत उभ्याने येऊन स्वयंपाक करायचे, आणि माझाच हात भातापाशी थांबवला जायचा.

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी थांबले नाही. गाडी बंद पडल्यामुळे उशिरा, भिजून घरी आले होते. दुपारी डबा खायला वेळ मिळाला नव्हता. लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी, वाफेचा भात. ठोका पडला.

मी म्हणाले, "मामाजी, आज मला पोटभर जेवायचं आहे."

आणि पातेलं पुढे ओढून मी स्वतःला वाढलं, सुधीरला वाढलं, ऋतुजाला वाढलं. पळीने खरवडून वाढलं. मामाजी नेहमी सगळ्यांच्या शेवटी जेवत. कंडक्टर शेवटी बसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं ताट वाढलेलं होतं, त्याला अजून हात लावला नव्हता. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"जेव, सूनबाई," ते म्हणाले. "भूक लागली असन."

मग पेलाभर पाणी प्यायले, आपलं ताट तसंच उचलून आत गेले आणि थोड्या वेळाने छत्री घेऊन बाहेर पडले. रुसले, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी चमचा नेहमीसारखा वाजला आणि मी नेहमीसारखी थांबले. पण एकदा तरी मी जिंकले, हे मी मनात जपून ठेवलं होतं.

बुधवारी ते गेले तेव्हा बाहेरच्या ओट्यावर बसले होते. फिरायला निघण्याआधी पेज प्यायची म्हणून बसले, ते उठले नाहीत. पेला हातातच होता. त्यानंतर दिवसभर घरात चूल पेटली नाही. शेजारच्यांनी पिठलं-भात आणला, भरपूर आणला. थांबवणारं कोणी नव्हतं, तरी सगळे अर्ध्या ताटावरून उठले.

गुरुवारी संध्याकाळी खाकी कपड्यातला एक माणूस दारात आला. चाळिशीचा असेल. खांद्याला तिकिटाचं मशीन, हातात डबा.

"काकाजींचा डबा द्याचा होता," तो म्हणाला. "आमची एक दिवसाआड ड्यूटी असते. मंगळवारी रातच्याले त्यायनं देला. पहाटे न्याले येत, काल आले नाही. आमी वाट पाहून घेऊन गेलो. आता स्टँडवर कळलं."

डबा मी हातात घेतला. झाकणावर सासूबाईंचं नाव कोरलेलं होतं. त्या माझ्या लग्नाआधीच गेल्या. हा डबा हरवला, असं मामाजींनीच सांगितलं होतं.

सुधीरने त्याला आत बसवलं. तो सांगू लागला. ड्रायव्हर आणि तो, दोघं घरून पोळ्या आणतात. संध्याकाळपर्यंत त्या चामड्यासारख्या होतात. गरम भात मात्र मामाजी आणत. पिंपळाखाली त्यांच्याजवळ बसत आणि ते जेवत असताना रस्त्याकडे पाहत राहत. ऊन, पाऊस, थंडी, कधी खाडा नाही. सुरुवातीला या लोकांना संकोच वाटे. कोणाच्या घरचं उरलंसुरलं कशाला, असं त्याने एकदा म्हणूनही दाखवलं होतं.

"तं म्हणाले, उरलेलं नाही हाय हे, राखलेलं हाय. माह्या घरी चौघं जनं रोज आपल्या पोटातली एक सीट तुमच्यासाठी खाली ठेवतात."

सुधीर माझ्याकडे पाहत नव्हता. मी त्याच्याकडे पाहत नव्हते.

मग त्या माणसाने डब्याचं सांगितलं. मामाजींना मुक्कामी ड्यूटी असे तेव्हा सासूबाई सकाळीच डबा भरून देत. उन्हाळ्यात तो संध्याकाळपर्यंत आंबायचा. मामाजी तो गाईपुढे रिकामा करत, पाणी पिऊन सीटवर आडवे होत, आणि दुसऱ्या दिवशी घरी येऊन सांगत की मस्त झालता. सासूबाई खूश होऊन पुढच्या वेळी जास्त भरत. हे त्यांनी बायकोला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. आम्हालाही नाही. या माणसाला सांगितलं, कारण त्याला ते समजणार होतं.

तो उठला तेव्हा मी विचारलं, गेल्या पावसाळ्यात एखाद्या दिवशी डबा आला नव्हता का?

त्याने आठवून पाहिलं. "डबा तं रोजच येऊन राहिला होता, बाई. एकदा भात कमी होता. एकाच मानसाचा. आमी म्हटलं, काकाजी, तुमी जेवले का? तं म्हणाले, आज सूनबाईनं आग्रह करकरून वाढलं, पोट फुल झालं माहं."

तो गेला. सव्वासात होऊन गेले होते. त्या दिवशीही शेजारून आलेला भात झाकून ठेवला होता, तो मी डब्यात भरला आणि तलावाच्या बाजूने स्टँडवर गेले.

आता घरात आम्ही तिघं आहोत. पेज मी काढते. ठोके ऋतुजा देते; कोचईच्या वड्या असल्या की दुसरा ठोका फार लवकर पडतो. कुकर माळ्यावर आहे. सासूबाईंचा डबा पातेल्याशेजारी असतो. पातेल्यात भात असतानाच मी हात थांबवते, डबा भरते आणि चालायला निघते. स्टँडवर पोहोचते तेव्हा तो गरम असतो.